आईची औषधं आणि कोपऱ्यावरचं मेडिकल: दहा महिन्यांचा अनुभव

साताऱ्यात गेले दहा महिने आईची सगळी औषधं मी आमच्या कोपऱ्यावरच्या एकाच मेडिकलमधून घेतेय. आई बहात्तर वर्षांची. साखरेसाठी इन्सुलिन, बीपीची गोळी आणि सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट.

दुकान का बदललं ते आधी सांगते. पूर्वीच्या दुकानात इन्सुलिनच्या सिरिंज मागितल्या. आमची बाटली ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. काउंटरवरच्या मुलानं नारिंगी टोपणाची दिली, ती १०० च्या इन्सुलिनसाठी असते, तिच्या रेघा एका मिलीत १०० युनिट या हिशोबानं आखलेल्या. मलाही फरक माहीत नव्हता. आई नेहमीसारखी २० च्या रेघेपर्यंत भरत होती आणि अंगात जात होती जेमतेम ८ युनिट. चार दिवस साखर तीनशेच्या खाली येईना. आम्ही तिच्याच खाण्यावर संशय घेतला, तिला बोललोही. याच्या उलट घडलं असतं, म्हणजे इन्सुलिन १०० चं आणि सिरिंज ४० ची, तर २० च्या जागी ५० युनिट गेली असती. विचार आला की अजून अंगावर काटा येतो.

नव्या दुकानात पहिल्याच दिवशी फार्मसिस्ट ताईंनी विचारलं, "बाटली कितीची आहे?" मी म्हटलं, चाळीसची. "तरी घरी फोन लावा, बाटलीवर काय छापलंय ते काकूंना वाचायला सांगा." मागे चार माणसं उभी होती, एकजण कुरकुरतही होता. आईनं चष्मा शोधून, बाटली उजेडात धरून आकडा वाचेपर्यंत ताई थांबल्या. मग लाल टोपणाचं पाकीट काढलं.

मेथोट्रेक्सेटचंही तसंच. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेततं. त्यांनी पाकिटावर मार्करनं ठळक लिहिलं, "फक्त रविवार". आई सोबत आली तेव्हा तिलाच विचारलं, "सांगा काकू, कोणत्या वारी?" आणि महिन्यात जितके रविवार, तितक्याच गोळ्या देतात. जास्तीची गोळी घरात नसली की चुकीला वावच राहत नाही, हे मला तिथं कळलं.

इन्सुलिनच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे, दारावर तापमानाची वही लटकवलेली. २ ते ८ अंशांत राहायला हवं. मे महिन्यात बाटली बर्फाच्या पिशवीसोबत दिली, पण मध्ये पुठ्ठा घालून, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

मार्चमध्ये मला ताप आणि घसा. चिठ्ठीशिवाय सेफिक्सिम हे अँटिबायोटिक मागितलं, सरळ नाही म्हणाल्या. तेव्हा राग आला होता. हे औषध शेड्यूल एच-वनमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एका सरकारी यादीतलं. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहून तीन वर्षं जपावं लागतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी अँटिबायोटिक दिलंच नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉल, एवढ्यावर बरी झाले.

आता खटकलेलं. सवलत ऑनलाइनपेक्षा कमी मिळते. दुपारी दोन ते पाच दुकान बंद. रात्री आठनंतर ताई नसतात, तेव्हा काउंटरवरचा मुलगा चिठ्ठीची औषधं देत नाही. मला दोनदा हेलपाटा पडला, पण तो नाही म्हणतो हेच बरोबर आहे. काउंटर मात्र अगदी रस्त्यावर. बायकांना नाजूक तक्रार चारचौघांत सांगावी लागते. बाजूला एक खुर्ची आणि पडदा एवढं तरी व्हायला हवं.

आणि एक चूक त्यांचीही झाली. जुलैमध्ये बीपीची गोळी नेहमीच्या कंपनीची नव्हती. डॉक्टरांना फोन करून, तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं, पण मला सांगायचं राहिलं. आईला वाटलं नवी गोळी सुरू झाली. जुनी स्ट्रिप संपली नव्हती, ती दोन्ही घ्यायला निघाली होती, मी वेळेत पाहिलं म्हणून टळलं. दुकानात जाऊन सांगितल्यावर ताईंनी सबब सांगितली नाही. माफी मागितली, लगेच आईला फोन करून समजावलं. तेव्हापासून कंपनी बदलली की पाकिटावर "जुनीच गोळी, कंपनी वेगळी" असं लिहिलेलं असतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो जुलैसाठी.