कळा आणायला दाखल झाले होते, चार स्टार
४० आठवड्यांवर ४ दिवस उलटले तरी कळांचा पत्ता नाही, म्हणून डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. मला वाटलं, इंजेक्शन देतील नि संध्याकाळपर्यंत बाळ हातात. कसलं काय! सकाळी ८ ला गर्भपिशवीचं तोंड मऊ करून उघडायला आतून औषधी जेल लावलं, तेव्हा ते तोंड जेमतेम १ सेंटीमीटर उघडलेलं. ६ तासांनी पुन्हा जेल. मधेमधे पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके बघायचे, बाकी नुसतं पडून राहायचं. पहिलटकरणींनी दीड-दोन दिवस धरूनच जावं. दुसऱ्या दिवशी पाण्याची पिशवी फोडली, सलाईनमधून कळा आणणारं ऑक्सिटोसिन चालू केलं, आणि मग ज्या कळा आल्या, बाई गं! दम खायलाही उसंत नाही. रात्रपाळीच्या सिस्टर कंबर चोळत बसल्या, त्यांना पाचपैकी पाच. आतून तपासताना मात्र कुणी आधी सांगत नाही, सरळ हात घालतात. एक स्टार तिथेच कापला. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ती भूल, हवं असेल तर नाव घालतानाच विचारा, इथे भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. मला ऐनवेळी मिळालं नाही. पहिल्या दिवशी आईने आणलेली पेज खाऊ दिली, तेवढं बरं. मुलगी झाली, ३ किलो १००.