रविवारी 11 च्या गर्दीसाठी एडब्ल्यूएस: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

आमची एमपीएससीची ऑनलाइन टेस्ट सिरीज आहे, टीम छोटी, इन्व्हेस्टर वगैरे कोणी नाही. सोमवार ते शनिवार साइटवर शुकशुकाट, आणि रविवारी सकाळी 11 ला चार-पाच हजार मुलं एकदम लॉगिन मारतात, 1 वाजता सगळ्यांचा पेपर एकदमच सबमिट होतो आणि पुढची दहा मिनिटं सगळे रँक बघायला रिफ्रेश करत बसतात. आधी एका स्वस्तातल्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर होतो (नाव राहू द्या), तिथे हे झेपेना म्हणून एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउडच्या, मुंबई रीजनवर (तिथल्या डेटा सेंटरवर) आलो. हा रीजन 2016 पासून आहे, 2022 मध्ये हैदराबादचाही आला, पण आम्हाला मुंबई पुरतं. नांदेड-परभणीकडची मुलं मोबाइल डेटावर पेपर देतात, त्यांना पान पटकन उघडतंय, एवढं बास.

ऑटोस्केलिंगबद्दल आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. सीपीयू वाढला की आपोआप मशीन वाढणार, ऐकायला भारी आहे, पण सीपीयू वाढलाय हे त्याला कळायलाच दोन-तीन मिनिटं जातात, मग मशीन उठणार, अॅप चालू होणार, हेल्थ चेक पास होणार, तोवर 11 वाजून 6 मिनिटं झालेली असतात आणि टेलिग्रामवर शिव्या सुरू. आमच्यासारख्या ठरलेल्या वेळच्या गर्दीला शेड्यूल्ड स्केलिंगच पाहिजे. साडेदहाला मशीन वाढव, दोनला कमी कर, विषय संपला. आणि वाढवायच्या मशीन टी सिरीजच्या (हलक्या कामाच्या, स्वस्त) घेऊ नका, कारण त्यांचे सीपीयू क्रेडिट, म्हणजे जास्त जोर लावायची शिल्लक, मशीन रिकामी असताना साठतात आणि नुकत्याच उठलेल्या मशीनकडे साठलेलं काहीच नसतं, मग अनलिमिटेड मोडमध्ये (शिल्लक नसतानाही जोर लावू देणारा) जास्तीचे पैसे लागत राहतात. लॉगिनला पासवर्ड बीक्रिप्टने तपासला जातो, ते मुळातच सीपीयू खाणारं काम, म्हणून रविवारी आम्ही सी सिरीजची (जास्त सीपीयू लागणाऱ्या कामाची) ग्रॅव्हिटॉन, म्हणजे अॅमेझॉनच्या स्वतःच्या चिपची, मशीन उठवतो. स्पॉट, म्हणजे एडब्ल्यूएसकडचं शिल्लक मशीन, स्वस्त पडतं मान्य, पण दोन मिनिटांच्या नोटिसवर काढून घेतात, परीक्षेच्या मध्ये कोण रिस्क घेणार!

पण खरी गोम डेटाबेसमध्ये आहे. अॅप सर्व्हर दोनाचे आठ करता येतात, डेटाबेस एकच. पंगतीत वाढपी वाढवले आणि आचारी तेवढाच ठेवला तर काय होणार, तेच होतं. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्यात प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते, आठ सर्व्हरचे सगळे वर्कर आपापला कनेक्शनचा साठा (पूल) उघडून बसले की मेमरी त्यातच जाते. मध्ये पीजीबाउन्सर टाकला (थोडी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारं सॉफ्टवेअर), ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (एक व्यवहार झाला की कनेक्शन दुसऱ्याला), आणि फरक लगेच दिसला. लोक घाबरतात तसा उत्तरं सेव्ह करण्याचा लोड फार नसतो, हिशोब करून बघा, पूर्व परीक्षेच्या पेपर एकमध्ये 100 प्रश्न, वेळ 2 तास, पाच हजार मुलं, म्हणजे सेकंदाला सरासरी सत्तरेक राइट (डेटाबेसमधल्या नोंदी), हे साधा डेटाबेसही सहज करतो. लोड आहे तो 11 च्या लॉगिनचा आणि 1 नंतरच्या रँकचा. रँक आता रेडिसच्या (मेमरीत चालणारा डेटाबेस) सॉर्टेड सेटमधून, म्हणजे मार्कांनुसार लागलेल्या यादीतून देतो, पोस्टग्रेसला त्यात पडूच देत नाही.

आता बिल. दर डॉलरमध्ये, बिल रुपयात, वर 18 टक्के जीएसटी (जीएसटी नंबर दिला असेल तर क्रेडिट मिळतं, म्हणजे आपल्या जीएसटीतून वजा होतं). सर्व्हरचा खर्च सगळे मोजतात, बाकीचं कोणी मोजत नाही. नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जायची वाट) मुंबईत तासाला 0.056 डॉलर, म्हणजे नुसता चालू ठेवायचे महिन्याला 40 डॉलर, वर प्रत्येक जीबीचे परत 0.056 डॉलर. एस3 ला (अॅमेझॉनचं फाइल स्टोरेज) जाणारा ट्रॅफिक त्यातून कशाला न्यायचा, गेटवे एंडपॉइंट (एस3 ची थेट वाट) फुकट आहे, तो लावा. फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4 पत्त्याचे पण तासाला अर्धा सेंट लागतात. पेपर संपला की मुलं उत्तरांची पीडीएफ उतरवतात, ते सगळं क्लाउडफ्रंटवरून (अॅमेझॉनची फाइल पोचवणारी सेवा) जातं, तिथे महिन्याचा पहिला 1 टीबी फुकट, थेट सर्व्हरवरून दिलं तर 100 जीबीनंतर जीबीला साधारण 11 सेंट. स्टेजिंगचा (चाचणीचा) आरडीएस, म्हणजे एडब्ल्यूएसने सांभाळलेला डेटाबेस, बंद करून ठेवला तर सात दिवसांनी तो आपोआप चालू होतो, हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण डॉक्युमेंटेशन वाचतं कोण. आणि आरडीएसची डिस्क सहज वाढवता येते, थेट कमी करता येत नाही, त्यामुळे सुरुवातीला हात आखडताच ठेवा.

अजून एक, कार्डवर ऑटो पेमेंट असेल तर आरबीआयच्या नियमाने 15,000 च्या वरच्या रकमेला ओटीपी लागतो, म्हणून बिलाचा मेल अकाउंट्सवाल्यांच्या इनबॉक्समध्ये जाईल असं बघा, डेव्हलपरच्या नको.

ज्यांचा ट्रॅफिक आठवडाभर सारखाच आहे आणि थोडाच आहे त्यांनी यात पडू नये असं माझं मत, एक बरा व्हीपीएस आणि बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे, पुष्कळ झालं. आम्ही मात्र इथेच राहणार. कायम चालू असतात त्या दोन मशीनपुरता एक वर्षाचा सेव्हिंग्ज प्लॅन (ठरावीक वापराची हमी द्यायची, दर कमी लागतो) घेतोय, रविवारच्या ऑन-डिमांडच (जेवढा वापर तेवढे पैसे) राहतील.