बँडिट आणि वेब सिक्युरिटी अकॅडमी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब बघते. शिक्षण बी.कॉम. सायबर सुरक्षेत जायचं मनात घेतलं तेव्हा एका क्लासने सांगितलेली फी माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढी होती. मग फुकट मिळणाऱ्या दोन गोष्टी धरल्या. नवख्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली, ओव्हरदवायर या संकेतस्थळावरचा, लिनक्सच्या आज्ञा शिकवणारा बँडिट हा खेळ. एका पायरीवर सापडलेला पासवर्ड पुढच्या पायरीचं दार उघडतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणारी आज्ञा) त्यांच्या सर्व्हरच्या 2220 या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या क्रमांकावर, जोडायचं, सुरुवातीचं नाव आणि पासवर्ड दोन्ही 'बँडिट0'. सगळं अक्षरांतच चालतं, त्यामुळे माझा 4 जीबीचा जुना लॅपटॉप आणि मोबाईलचं हॉटस्पॉट पुरलं. त्यासाठी काली लिनक्स ही सुरक्षा तपासणीची वेगळी प्रणाली टाकायची गरज नाही.

दुसऱ्याच दिवशी मी अडकले. फाईलचं नाव म्हणजे नुसती एक आडवी रेघ. फाईल वाचून दाखवणारी 'कॅट' ही आज्ञा लिहून पुढे ती रेघ दिली की पडदा गप्प. मला वाटलं नेट गेलं. खरं तर कॅट त्या रेघेचा अर्थ 'कीबोर्डवरून येईल ते वाच' असा घेतो आणि माझ्याच टाईप करण्याची वाट बघत बसतो. नावाआधी बिंदू आणि तिरकी रेघ लावली, म्हणजे 'याच फोल्डरमधली फाईल' असं सांगितलं, की उघडते. उत्तर नेटवर शोधलं असतं तर दोन मिनिटांत मिळालं असतं, पण मॅन पानं, म्हणजे आज्ञांची माहिती देणारी पानं, वाचून ते दोन रात्रींनी सापडलं आणि आता ते विसरणं शक्य नाही. इंग्रजी जड गेलं तर वहीत मराठीत लिहून काढा. माझी दुसरी वही चालू आहे.

दुसरी, पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी. वेबसाईट तपासण्याचं बर्प सूट हे साधन बनवणाऱ्यांचीच ही; वेबसाईटमधले दोष धडे आणि प्रयोगांतून शिकवते. प्रत्येक प्रयोगाखाली उत्तर दिलेलं असतं, तिकडे हात लवकर जाऊ देऊ नका. यातल्या एका प्रयोगाने माझं काम बघण्याची नजरच बदलली. चॅटची नोंद उतरवून घेताना फाईलचा आकडा दिसतो, तो बदलून 1 केला की दुसऱ्याचंच संभाषण हातात येतं, पासवर्डसकट.

मला आमची हिशेबपट्टी आठवली. शेतकऱ्याला मोबाईलवर पट्टीची लिंक जाते, तिच्या शेवटी पट्टी नंबर. पण घाईने हात लावला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 प्रमाणे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरलं तर भरपाई द्यावी लागते, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेठना सगळं समजावलं, सॉफ्टवेअरवाल्यांनाही फोन केला, दोघांचा होकार घेतला आणि शेठना शेजारी बसवूनच नंबर एकाने कमी केला.

शेठ म्हणाले, "म्हणजे तासगावच्या माणसाला मिरजेच्या माणसाची पट्टी दिसणार?"

"हो शेठ. भाव, वजन, उचल, सगळं."

पंधरा दिवसांत ते दुरुस्त झालं. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या दोषांच्या यादीत याच प्रकारचा दोष, ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल (ज्याला हक्क नाही त्यालाही दिसणं), पहिल्या क्रमांकावर आहे. हे मी आधी वाचलं होतं, पण खरं कळलं ते आमच्या गादीवर.

गेल्या महिन्यात एसओसीच्या, म्हणजे सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या, जागेसाठी मुलाखत दिली. पट्टीची गोष्ट त्यांनी लक्ष देऊन ऐकली, पण लॉगवरच्या, म्हणजे संगणक आपोआप ठेवतो त्या नोंदींवरच्या, प्रश्नांना मी अडले आणि निवड झाली नाही. बँडिट आणि अकॅडमी या दोन्ही ठिकाणी माझा लॉगचा सराव झाला नव्हता. मुलाखतीआधी तो वेगळा करा. मी आता घरच्याच विंडोजवर मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकते आणि या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 4625 (फसलेल्या लॉगिनची नोंद) शोधते, नंतर बरोबर टाकून 4624 (जमलेल्या लॉगिनची). दर रविवारी विश्रामबागेतल्या दोघी माझ्याकडे येतात. त्यांचा बँडिट सुरू झालाय, आणि त्यातली एक सध्या त्या आडव्या रेघेपाशी अडकली आहे. मी तिला उत्तर सांगितलेलं नाही.