शूटिंगचा सेफ्टी चष्मा: आठ महिन्यांनी

दिवाळीच्या आधी लक्ष्मी रोडवरून पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी चष्मा घेतला, आता जून चालू आहे. आठवड्यातून तीनदा बालेवाडीला एअर पिस्तूल आणि रविवारी धायरीत धाकट्या भावाच्या शेडमध्ये, असा वापर.

त्याआधी एक ऑनलाइन मागवला होता. जाहिरातीत अमेरिकन मानकाचा डंका, हातात आल्यावर काच कोरी आणि काडीही कोरी. परत पाठवला. या चष्म्यावर दोन्हीकडे मुंगीएवढ्या अक्षरांत झेड८७+ कोरलंय, ही त्याच अमेरिकन मानकाची खूण. नुसतं फ्रेमवर असेल तर काचेचं काय, ते देव जाणे.

पैसे त्या अधिकच्या (+) खुणेचे. ती नसलेल्या काचेवर १ इंची पोलादी गोळी १२७ सेंमीवरून नुसती सोडतात. अधिक असेल तर ६.३५ मिमीची गोळी सेकंदाला ४५.७ मीटर वेगाने मारतात, वर ५०० ग्रॅमचं टोकदार वजनही टाकतात. मी खूश होतो, मग हिशेब मांडला. ती गोळी जेमतेम १ ग्रॅमची, म्हणजे ऊर्जा सव्वा ज्यूलच्या आत. आपला अर्ध्या ग्रॅमचा छर्रा १५० मीटरच्या वेगाने सुटला की साडेपाच ज्यूल! थेट छर्र्यासाठी या खुणेवर विसंबू नये. युरोपच्या ईएन १६६ या मानकातही साध्या चष्म्याची धाव 'एफ' दर्जापर्यंतच, म्हणजे सेकंदाला ४५ मीटरच्या गोळीपर्यंत. १२० मीटरचं 'बी' बंद गॉगलला. अमेरिकी लष्कराचं मानक मात्र चष्म्यावरच ०.१५ इंची तुकडा सेकंदाला ६४० ते ६६० फुटांनी मारतं. पुढचा घेईन तो तसला.

आपटून उसळून आलेल्या शिशाच्या छर्र्याला मात्र हा पुरतो. फेब्रुवारीत शेडमधल्या छर्रे अडवायच्या डब्याचा एक स्क्रू वर आला होता, कोणाच्या लक्षात नाही. टक् झालं. उजव्या काचेवर राखाडी ठिपका, पुसला तर खाली टाचणीच्या टोकाएवढी खळी. भाऊ म्हणाला, "दादा, आजचं पुरे." मार खाल्लेली काच ठेवायची नसते, बदलली.

नव्या काचेवरचा स्टिकरचा डिंक पुतणीने प्रेमाने नेलपेंट रिमूव्हरने काढला. ॲसिटोन आणि पॉलिकार्बोनेटचं हाडवैर. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. ती काचही गेली. वर आता पावसाळी दमटपणा: दहाव्या शॉटला काच धुरकट, आणि मी चष्मा कपाळावर सरकवून पुसत बसतो. रेंजवर तेवढ्यात कोणी ना कोणी ओरडतंच, "चष्मा खाली घ्या!"