चॅलेंज, झुरळं का कू: घरात थापा मारायच्या तर कुठला डाव मांडायचा

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडायची सोयच नसते, पारा 44 ला टेकलेला, पोरांना सुट्ट्या, पुण्याहून आत्याची अख्खी फॅमिली आलेली आणि त्यात लाईट गेली की मग पत्ते निघतात. रमी संपता संपत नाही, मेंढीकोटला जोड्या जमवाव्या लागतात, बदाम सातमधे पानं दाबून दुसऱ्याला अडवायची मजा आहे पण तोंड उघडायचं कामच नाही. बोलायचं, हसायचं, भांडायचं असेल तर थापांचा डाव पाहिजे, आणि त्यातले तीन आम्ही गेल्या दोन सुट्ट्यांत भरपूर खेळलोय म्हणून लिहितोय.

पहिला आपला जुना चॅलेंज, कुणी ब्लफ म्हणतं. सगळा कॅट वाटून टाकायचा, पहिल्याने पालथी पानं टाकून म्हणायचं "तीन सत्त्या", पुढच्याने सत्त्याच टाकायच्या नाहीतर पास, संशय आला तर चॅलेंज, खोटं निघालं तर ढीग टाकणाऱ्याच्या गळ्यात आणि खरं निघालं तर चॅलेंजवाल्याच्या. दुसऱ्या पद्धतीत पास नाहीच, एक्का, दुर्री, तिर्री असं ओळीने जायचं, हातात तिर्री नसली तरी तिर्री म्हणूनच पान टाकायचं. फरक एवढासाच वाटतो पण आधी हे ठरवा, कारण पास असला की घाबरट माणूस एकही थाप न मारता डावभर बसू शकतो, आमची आई तशीच बसते आणि वर "मी काय खोटं बोलत नाही बाई" असंही ऐकवते. ओळीच्या पद्धतीत तिलापण बोलावंच लागतं आणि मग तिचे कान लाल होतात, सगळ्या घराला कळतं.

यातली युक्ती म्हणजे मोजणं, दुसरं काही नाही. तुमच्याकडे दोन सत्त्या आहेत आणि समोरचा तीन म्हणाला तर डोळे झाकून चॅलेंज करा, कॅटमधे चारच असतात. माणसं सहाच्या वर गेली की दोन कॅट मिसळावे लागतात, मग प्रत्येक आकड्याची आठ पानं होतात, हा हिशोब ढिला पडतो आणि नुसता चेहरा वाचायचा खेळ होतो, म्हणजे गर्दीला बरा पण हुशारीला वाव कमी. शेवटचं पान कुणी टाकत असेल तर चॅलेंज करायचाच, नाहीतर तो सुटलाच की. आणि ढीग गळ्यात पडला म्हणून पोरं रडायला लागतात त्यांना हे सांगा: पंचवीस पानं हातात आली की सगळ्यात जास्त माहितीपण त्याच्याकडेच असते, चारही राण्या जर तुमच्याकडे आल्या तर राणी म्हणणारा प्रत्येकजण खोटारडा. पण रडणाऱ्याला हे पटत नाही, तो भाग वेगळा.

भाषेचं तर अडतच नाही. शेजारच्या काकू घरात तेलुगू बोलतात, आमच्या काकूंचं माहेर अक्कलकोटकडचं म्हणून त्या कन्नड. रंगात आल्या की एक "मूडू" म्हणते, दुसरी "मूरू", दोन्हीचा अर्थ तीनच आणि बहुतेक दोघी खोटंच बोलायलेल्या असतात.

दुसरा झुरळांचा, डब्यावर कॉक्रोच पोकर, 2004 चा जर्मन खेळ. नावात पोकर आहे म्हणून आजीने आधी नाक मुरडलं होतं, पण पैशाबिशाचं काही नाही त्यात. 64 पानं, झुरळ, उंदीर, माशी, कोळी असे आठ किळसवाणे प्राणी, प्रत्येकाची आठ पानं. एक पान पालथं सरकवायचं आणि म्हणायचं "ही माशी आहे". समोरच्याने खरं का खोटं ते सांगायचं, चुकला तर पान त्याच्यापुढे उघडं पडतं, बरोबर निघाला तर देणाऱ्यापुढे. नाहीतर त्याने ते गुपचूप बघायचं आणि ज्याने अजून बघितलं नाही अशा कुणाकडे तरी ढकलायचं, तीच थाप मारत किंवा नवीन. एकाच प्राण्याची चार पानं ज्याच्यापुढे जमली तो हरला, बाकी सगळे सुटले. जिंकणारा कुणी नाही, हरणारा एकच, आणि हेच मला यातलं सगळ्यात भारी वाटतं. पाळी ओळीने फिरत नाही, म्हणून ज्याच्यापुढे तीन माश्या झाल्यात त्याच्यावर सगळं घर तुटून पडतं, दिडशहाण्या भावाला धडा शिकवायला याच्यासारखा खेळ नाही. पण तोच मुद्दा उलटा धरा, घरात पटकन मनाला लावून घेणारं कुणी असेल तर त्यालाच सारखं टार्गेट करू नका. पानांवर वाचायचं काही नाही, चित्रं आहेत, त्यामुळे आकडे न येणारं पोरगंही बसू शकतं.

तिसरा कू (डब्यावर Coup), हाही पत्त्यांचाच खेळ, 2012 चा, रिकी ताहता यांचा. पंधरा पानं, पाच पात्रं, प्रत्येकाला दोन पालथी पानं म्हणजे दोन जीव, आणि नाणी. हातात ड्यूक हे पात्र नसताना "मी ड्यूक" म्हणून तीन नाणी उचलायची, कुणी टोकलं आणि खोटं निघालं तर एक जीव गेला, खरं निघालं तर टोकणाऱ्याचा. सात नाणी झाली की कुणाचंही एक पान उडवायचं, तिथे थाप बीप काही चालत नाही. खेळ जबरदस्त आहे, पण कोण काय करतं आणि कोण कुणाला अडवतं हे तोंडपाठ लागतं, आजीला दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा ती उठून शेंगा भाजायला गेली. शिवाय दोन्ही पानं गेली की बाहेर बसायचं. डाव पंधरा मिनिटांत उरकतो म्हणून कॉलेजच्या पोरांना चालतं, लहान पोरगं मात्र पाचव्या मिनिटाला बाहेर पडलं की बाकीची दहा मिनिटं तुमचं डोकं खातं.

तर घरात आजीपासून बालवाडीपर्यंत सगळे असतील तर झुरळं, आठ-दहा जणांचा गोंधळ असेल तर दोन कॅटचा चॅलेंज, रात्री जेवणं उरकून गच्चीवर चार-पाच भावंडंच उरली असतील तर कू. एकच निवड म्हणाल तर मी झुरळं निवडेन. पण डबा लगेच घेऊ नका. दोन कॅटमधले एक्का ते अठ्ठी काढा, बरोबर 64 पानं होतात आणि प्रत्येक आकड्याची आठ, झुरळांचा खेळ तयार. कूला एका कॅटमधले एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी घ्या, एक रंग काढून टाका, पंधरा पानं झाली, आणि नाण्यांच्या जागी चिंचोके. फक्त कॅट नवा घ्या. आमच्या जुन्या कॅटमधल्या इस्पिक राजाचा कोपरा दुमडलेला आहे, तो बघून काका गेली दोन वर्षं जिंकत होते हे आम्हाला या सुट्टीत कळलं.