हिक्स यू : सावलीतील कुंपणासाठी लावलेल्या आठ झुडपांचा चार वर्षांचा अनुभव

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या पूर्वेच्या बाजूला, दोन घरांमधील चिंचोळ्या पट्ट्यात, दिवसातून जेमतेम तीन तास ऊन येते. आधीच्या मालकांनी तेथे लावलेली आर्बरव्हिटी या सदाहरित झाडांची रांग उन्हाअभावी खालून उघडी पडत गेली, तेव्हा ती काढून तिच्या जागी चार वर्षांपूर्वी हिक्स यू या सुईसारख्या पानांच्या सदाहरित जातीची तीन फूट उंचीची आठ झुडपे अडीच-अडीच फुटांवर लावली. जवळच्या एका रोपवाटिकेतून ती प्रत्येकी ७० डॉलरला मिळाली. त्यांपैकी सहा आज हिरवीगार आहेत आणि दोन मेली. त्या दोन्हींच्या मरणाला झाडाचा दोष कारणीभूत नव्हता.

हिक्स ही इंग्लिश यू आणि जपानी यू यांच्या संकरातून आलेली जात असून लाँग आयलंडवरील वेस्टबरी येथील हिक्स रोपवाटिकेवरून तिला हे नाव मिळाले. फांद्या सरळ वर जात असल्यामुळे अरुंद जागेत ती शोभते. वाढ मात्र संथ आहे. आमच्याकडे वर्षाला पाच-सहा इंचांपेक्षा अधिक कधी झाली नाही, त्यामुळे शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लगेच आडोसा हवा असलेल्यांनी मोठी झुडपे घ्यावीत किंवा दुसरे काही पाहावे.

या झुडपाचा खरा गुण कात्री लावल्यावर कळतो. आर्बरव्हिटी किंवा जुनिपर पानांच्या मागे, उघड्या लाकडापर्यंत छाटले, तर तेथे सहसा पुन्हा पालवी फुटत नाही. यूच्या जुन्या, जाड खोडावरही नवे कोंब येतात. दुसऱ्या हिवाळ्यात छपरावरून घसरलेल्या बर्फाने आमचे एक झुडूप मधोमध फाटले. मार्चअखेरीस, नवी वाढ सुरू होण्यापूर्वी, मी ते जमिनीपासून दीड फुटावर छाटले आणि पत्नीने ‘आता हे गेलेच’ असे जाहीर केले. जूनमध्ये त्या खुंटाभोवती पोपटी कोंबांची दाटी झाली होती. नेहमीची छाटणी करताना खालचा घेर वरच्यापेक्षा थोडा रुंद ठेवावा, म्हणजे बुडाशी उजेड पोहोचतो.

आता त्या दोन मेलेल्या झुडपांविषयी. यू सावली सोसते, थंडी सोसते, कात्री सोसते. मुळाशी साचलेले पाणी मात्र तिला मुळीच सोसत नाही. आमची माती चिकण आहे, आणि ती दोन झुडपे नेमकी पन्हळीचे पाणी जेथे उतरते तेथे होती. शिवाय मी खोल खड्डा करून त्यात विकतची भुसभुशीत माती भरण्याची हौस केली होती, त्यामुळे भोवतीच्या चिकणमातीत पाणी धरून ठेवणारे एक टाकेच तयार झाले. सुया पिवळ्या पडू लागल्यावर मला वाटले की पाणी कमी पडते आहे, म्हणून मी आणखी घातले! उपटून पाहिले तेव्हा मुळे काळपट होती आणि त्यांची साल बोटांनी निसटत होती. उरलेली सहा मी वसंतात उचलून मुळांचा गोळा भोवतीच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच वर राहील अशी, तेथल्याच चिकण मातीत पुन्हा बसवली. रोपासोबतच्या चिठ्ठीवर ‘नियमित पाणी द्यावे’ एवढेच छापलेले होते. निचऱ्याचा उल्लेख नव्हता, आणि वर्षभराची हमी संपून दोन महिने झाले होते.

त्या चिठ्ठीत आणखी एक गोष्ट नव्हती, आणि ती अधिक गंभीर आहे. लाल फळाचा मऊ गर सोडला तर यूचा प्रत्येक भाग, गरातील बीसुद्धा, विषारी असतो; छाटलेला पाला खाऊन घोडे आणि गुरे दगावतात. घरात कुत्रा किंवा दिसेल ते तोंडात घालणारे मूल असेल, तर ही खरेदी टाळावी. हरणांना मात्र हाच पाला प्रिय आहे. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी कोपऱ्यातील झुडूप मान पोहोचेल तेथवर ओरबाडले, म्हणून आता नोव्हेंबरपासून जाळी लावतो.

जाता जाता सांगायचे, तर याच कुळातील पॅसिफिक यूच्या सालीतून कर्करोगावरील टॅक्सॉल हे औषध वेगळे काढून १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकांपैकी मनसुख वाणी हे नंदुरबारचे.

झुडपाला मी पाचपैकी चार तारे देतो, रोपवाटिकेच्या मार्गदर्शनाला दोन. पन्हळीखालच्या रिकाम्या जागेत आता ओल मानवणारे लाल काड्यांचे डॉगवूड लावले आहे.