‘महापूर सुरक्षा संच’ घेण्याआधी हे वाचा

नदीकाठी किंवा पूररेषेत राहणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत हे पोचावं म्हणून सविस्तर लिहिते आहे. मे महिन्याच्या शेवटी सांगलीत, गावभागातल्या आमच्या गल्लीत, ‘महापूर सुरक्षा संच’ म्हणून एक पेटी विकली गेली. आत बाटलीच्या आकाराचा पाण्याचा फिल्टर, क्लोरीनच्या गोळ्या, पॉवर बँक, टॉर्च आणि शिट्टी. किंमत 6,500 रुपये. बऱ्याच घरांनी घेतली, आमच्याकडे सासूबाईंनी घेतली. त्या फिल्टरमधून येणारं पाणी पिण्यालायक नसतं, हे पावसाआधी कळलं. पुरात कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

लोकांनी पैसे का दिले ते बाहेरच्यांना सहज समजणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. आठवडाभर वीज नाही, नळाला पाणी नाही, आणि गच्चीवरून बघावं तिकडे पाणीच पाणी. होडीतून येणाऱ्या बाटल्यांची वाट बघत लहान मुलांना घोट घोट पाणी देणाऱ्या बायका याच गल्लीतल्या. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. ज्यांनी हे भोगलंय त्यांना ‘प्यायच्या पाण्याची सोय’ म्हटलं की पैसे मोजावेसे वाटतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. विकणाऱ्यांनी नेमकी हीच नस पकडली होती.

एक तरुण आणि एक तरुणी, गळ्यात ओळखपत्रं, हातात ‘पूर्वतयारी अभियान’ छापलेली पत्रकं. पत्रकावर कुठल्याही कार्यालयाचं नाव नव्हतं, पण रंग आणि मांडणी अशी की सरकारी वाटावं. देवळाच्या मंडपात त्यांनी प्रात्यक्षिक केलं. दोन ग्लास घेतले, एकात आमच्या नळाचं पाणी आणि दुसऱ्यात त्यांनी आणलेलं. विजेवर चालणारं, धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र दोन्हींत बुडवलं. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी-हिरवट झालं, वर गाळ तरंगायला लागला. त्यांचं पाणी जवळजवळ तसंच राहिलं. “काकू, हे तुम्ही रोज पिताय,” ती मुलगी म्हणाली. मागे बसलेल्या एका आजींनी पदर तोंडाला लावला.

ही युक्ती जुनी आहे, आणि घरोघर फिरून आरओ विकणारे काही जण अजूनही ती वापरतात. म्हणून तिचं विज्ञान सांगते. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असतील तर वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंजासारखा गाळ तयार होतो. म्हणजे दिसणारी घाण पाण्यातली नसून कांडीची असते. दुसऱ्या ग्लासात क्षार काढून टाकलेलं पाणी असतं, त्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तसंच काळवंडेल. टीडीएस मीटरचीही तीच गोष्ट. तो विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. भारतीय मानकात (आयएस 10500) टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. 150 आकडा दाखवणाऱ्या पाण्यातही काविळीचे विषाणू असू शकतात.

मग त्यांनी शेतातल्या मातीचं गढूळ पाणी त्या फिल्टरमधून काढून दाखवलं. पाणी नितळ आलं, टाळ्या पडल्या. गढूळपणा तर कापूस आणि कोळशाच्या थरानेही जातो. खरा प्रश्न न दिसणाऱ्या जंतूंचा, आणि तो मंडपात कुणाला विचारूच दिला नाही. दावे मात्र भरपूर: 0.01 मायक्रॉनची छिद्रं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ‘विषाणूंसकट सगळं जातं’, एक लाख लिटर आयुष्य. आता हिशेब करा. माणशी दिवसाला तीन लिटर प्यायला धरलं तर पाच जणांच्या घराला पंधरा लिटर लागतं. एक लाख लिटर पुरवायला अठरा वर्षं लागतील. हातात धरायच्या बाटलीत बसणाऱ्या फिल्टरबद्दल कुणी एवढा आकडा सांगितला की तिथेच थांबून पुरावा मागावा.

सोबत एका परदेशी चाचणीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स होती. त्यावर ‘एनएसएफ 42’ लिहिलेलं. हे मानक चव, वास आणि क्लोरीन कमी होण्यापुरतं आहे, जंतूंशी त्याचा संबंध नाही. ते आकडे खरे धरले तरी त्यातून जंतूंबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. शिवाय कागदावर कंपनीचं नाव वेगळं आणि बाटलीवरचं वेगळं.

उलगडा झाला तो माझ्या पुतणीमुळे. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. पाणी तपासायच्या एचटूएसच्या छोट्या बाटल्या मिळतात. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं झालं तर ते मैल्याने दूषित असल्याची शंका. तिने जुन्या आडाचं पाणी एका बाटलीत भरलं, तेच पाणी फिल्टरमधून काढून दुसऱ्या बाटलीत. दोन्ही बाटल्या काळ्या पडल्या. सासूबाई बराच वेळ त्या बाटल्यांकडे बघत राहिल्या.

मग फिल्टर करवतीने कापला. आत कापसाची चकती, कोळशाचे दाणे, नायलॉनची जाळी आणि पुन्हा कापूस. अशा चांगल्या फिल्टरमध्ये पोकळ तंतूंचा जुडगा असतो, बारीक शेवयांसारखा पांढरा. त्या तंतूंच्या भिंतींना साधारण 0.1 मायक्रॉनची छिद्रं असतात आणि पाणी त्यातूनच यावं लागतं. इथे एकही तंतू नव्हता. पॉवर बँक उघडली तर एक लहान सेल आणि वजनासाठी वाळूची पुडी. गोळ्यांच्या पाकिटावर ना उत्पादनाची तारीख, ना मुदत, ना एका गोळीला किती लिटर पाणी हे.

कापल्याशिवाय ओळखायचं कसं, हे अनेकांनी विचारलं. तंतूंचा फिल्टर आधी पाण्याने पूर्ण भिजवून घ्या आणि मग पाणी आत जातं त्या बाजूने तोंडाने जोरात फुंका. एवढ्या बारीक ओल्या छिद्रांतून तोंडाच्या जोराने हवा जात नाही. पलीकडून बुडबुडे आले तर तंतू फाटलेले आहेत किंवा मुळात नाहीतच. आमच्या बाटलीतून हवा सरळ वाहत होती. ही तपासणी कोरड्या दिवशी करायची, पूर आल्यावर नाही.

आणि फिल्टर अस्सल असला तरी त्याला मर्यादा आहे. 0.1 मायक्रॉनला जिवाणू अडतात. हिपॅटायटिस ई चा विषाणू मात्र साधारण 0.03 मायक्रॉनचा, तो पार होतो. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली ती याच विषाणूची, म्हणजे आमच्या भागाला हा धोका नवा नाही. पुराच्या पाण्यात उसाच्या शेतातली कीटकनाशकं आणि बुडालेल्या गाड्यांचं डिझेलही असतं. ते तर उकळूनही जात नाही. म्हणून ‘पुराचं पाणी सरळ प्या’ असं सांगणारा माणूस विक्रेता असो की नातेवाईक, त्याचं ऐकू नका. आरओवरही विसंबू नका, त्याला वीज लागते आणि पुरात पहिली तीच जाते.

आमच्या घरी आता काय करतो ते सांगते. पातळी वाढायची बातमी आली की नळाला पाणी आहे तोवर झाकणाचे कॅन भरून माळ्यावर. नंतर आडाचं किंवा टँकरचं पाणी वापरावं लागलं तर तुरटी फिरवून निवळवायचं, कापडाने गाळायचं, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. मग खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळायचं. गॅस संपला तर मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने, आणि अर्धा तास थांबून प्यायचं. आशाताईंकडे विचारलं तर मेडिक्लोर बहुतेक वेळा मिळतं. या सगळ्याला मिळून त्या पेटीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही खर्च आला नाही.

पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर गेले होते. पावती कच्ची, त्यावर जीएसटी क्रमांक नाही, छापलेला फोन आता बंद. आम्ही सगळ्यांनी मिळून पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे ऑनलाइन देऊन फसवणूक झाली असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड. घरी येऊन वस्तू विकणाऱ्याकडे ओळखपत्र असावं आणि त्याने आधी वेळ घेऊन यावं, असं 2021 च्या प्रत्यक्ष विक्री नियमांत आहे. दारात उभ्या माणसाला हे खुशाल ऐकवा. वस्तूवर आयएसआयचा शिक्का असेल तर त्याखालचा सीएम/एल क्रमांक (परवाना क्रमांक) भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून बघा, खरा असेल तर परवानाधारकाचं नाव येतं.

तुमच्या घरी अशी पेटी आधीच आली असेल तर रागाने फेकून देऊ नका. पेटी, पत्रक, पावती आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट एकत्र ठेवा. एकाच टोळीचे बळी वेगवेगळ्या गावांतून पुढे आले तर पोलिसांना माग काढणं सोपं जाईल. आमच्याकडे त्या मंडपातल्या प्रात्यक्षिकाचा एका मुलाने काढलेला व्हिडिओ आहे. तो आम्ही अर्जासोबत दिला आहे, आणि कोल्हापूर, मिरज, चिपळूणकडच्या कुणाला ताडून बघायला हवा असेल तर तोही देऊ.